प्रश्न तुमचे : बाईंची फाइल, मुलांचा मोबाइल

प्रश्न : माझ्या संगणकावर २२ वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत, सगळ्या कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये. वर्गाच्या ग्रुपवर फाइल टाकली की मुलं म्हणतात, 'बाई, हे इंग्रजीत काय आलंय?' आता सगळं पुन्हा टाइप करायचं का?
– मराठीच्या शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : मुळीच नको. मुलांच्या मोबाइललाही दोष देऊ नका, कारण त्यांना दिसतंय तेच फाइलमध्ये आहे. कृतिदेवमध्ये तुम्ही 'भारत' टाइप केलंत की फाइलमध्ये एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरं जातात. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. मोबाइलमध्ये तो फॉन्ट नसतो, म्हणून मुखवटा गळून पडतो. युनिकोड या जगभर चालणाऱ्या पद्धतीत मात्र भ, काना, र, त यांना आपापले क्रमांक असतात, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी 'भारत' हा 'भारत'च राहतो.

पेपर उद्या सकाळीच द्यायचा असेल तर वर्डमध्ये 'सेव्ह ॲज'मधून पीडीएफ करा. फॉन्ट फाइलसोबत जातो आणि मजकूर मोबाइलवर नीट दिसतो. पण त्यात शब्द शोधता येत नाही, आणि कॉपी केलं की पुन्हा तोच गोंधळ.

कायमचा उपाय म्हणजे कृतिदेवचं युनिकोड करणारं कन्व्हर्टर. इंटरनेटवर अशी मोफत साधनं आहेत. मूळ फाइल तशीच ठेवा, तिची प्रत काढून काम करा आणि एका वेळी एकच प्रश्नपत्रिका घ्या. त्यातले इंग्रजी शब्द आणि सूत्रं आधी बाजूला काढा. कन्व्हर्टरला सगळीच अक्षरं मराठी वाटतात आणि तो त्यांचाही चिवडा करतो. बदललेला मजकूर नव्या फाइलमध्ये चिकटवून मंगल किंवा निर्मला यूआय फॉन्ट द्या.

मग तपासणी, आणि खरा वेळ इथेच जातो. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी टाइपरायटरसारखी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं. कन्व्हर्टरला ही अदलाबदल करावी लागते आणि 'स्थिती'सारख्या जोडाक्षरांत वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. शिवाय बरीच साधनं हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात, म्हणून हिंदीत नसलेला अर्धा 'ऱ्' ज्यांत येतो ते 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' हे शब्द मुद्दाम बघा. एकच चूक वारंवार दिसली तर 'फाइंड अँड रिप्लेस'ने एका फटक्यात काढा.

नवं टाइपिंग थेट युनिकोडमध्येच करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'मधून मराठी जोडा. विंडोज आणि स्पेस या कळा एकत्र दाबल्या की इंग्रजी-मराठी बदलतं. बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीवर, बसली असतील तर युनिकोडसाठी त्याच मांडणीचा कीबोर्डही मिळतो. या वयात इनस्क्रिप्ट ही संगणकासाठीची वेगळी मांडणी शिकायलाच हवी असं नाही.

प्रश्न : सर गृहपाठ पीडीएफमध्येच मागतात, तोही नाव दिलेल्या फाइलमध्ये. व्हॉट्सॲपवर फोटो टाकला तर काय बिघडतं?
– अकरावीची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : ६० मुलं, प्रत्येकाची ५ पानं, म्हणजे सरांच्या फोनवर ३०० फोटो, आणि कुठल्याही फोटोच्या नावावरून तो कुणाचा ते कळत नाही. त्यातून व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. पेन्सिलची फिकट आकृती त्यात सगळ्यात आधी पुसट होते. गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये स्कॅनची सोय आहे. सगळी पानं एकापाठोपाठ घे, एकच पीडीएफ होईल. वही खिडकीजवळ सपाट ठेव. ट्यूबलाइटखाली उभी राहिलीस तर तुझीच सावली पानावर पडेल. फाइलला '११ब-२३-भौतिक-प्रकरण४' असं नाव दे आणि पाठवताना 'डॉक्युमेंट' निवड. स्कॅन केलेली फाइल ड्राइव्हमध्येच साठते. तिथून डाउनलोड केल्यावर ती सापडत नसेल तर फोनच्या 'फाइल्स' ॲपमधल्या डाउनलोड्समध्ये बघ. (फोन तुम्ही सरांपेक्षा भरभर चालवता, पण सेव्ह केलेली फाइल गेली कुठे, हे बहुतेक सरांनाच ठाऊक असतं.)

प्रश्न : नववीचे निबंध अचानक चकचकीत येऊ लागलेत. एआयने लिहिलेलं ओळखणारं सॉफ्टवेअर आहे का?
– मुख्याध्यापक, लातूर

उत्तर : आहेत, पण त्यांच्या भरवशावर कुणाचे गुण कापू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने असं साधन जानेवारी २०२३मध्ये आणलं आणि अचूकता कमी पडते म्हणून जुलैत बंद केलं. तेही इंग्रजी मजकुरापुरतंच वापरा असं सांगितलं होतं. मराठीची गोष्टच सोडा.

त्यापेक्षा विषय बदला. 'पावसाळ्यातील एक दिवस' यंत्राला तोंडपाठ आहे. 'या आठवड्यात आपल्या बाजारात काय महागलं आणि विक्रेते त्याचं काय कारण सांगतात' हे मुलाला जाऊनच विचारावं लागेल. पहिली २० मिनिटं वर्गात कागदावर कच्चं लेखन करून घ्या आणि तो कागद तुमच्याकडे ठेवा. नंतर दहा वह्या चिठ्ठ्या टाकून निवडा आणि ज्याची वही, त्याला त्यातल्याच एका वाक्याचा अर्थ तोंडी विचारा.

निबंध गूगल डॉक्समध्ये असेल तर 'फाइल'मधली 'व्हर्जन हिस्टरी' उघडा. टप्प्याटप्प्याने वाढलेलं लेखन आणि एका दमात चिकटवलेला मजकूर यांतला फरक तिथे दिसतो. त्यासाठी मुलाने तुम्हाला संपादनाची परवानगी द्यायला हवी, नुसत्या पाहण्याच्या लिंकवर ती दिसत नाही. आणि एक सावधगिरी बाळगा : बोलून टाइप करणाऱ्या किंवा वहीत आधी लिहून मग उतरवणाऱ्या मुलाचा मजकूरही असाच भराभर वाढलेला दिसतो.