विचारा मास्तरांना : असोला नारळ आणि टेक्सासएवढा धोंडा

प्रश्न : मास्तर, मी डिचोलीचा, वय ४९, पतसंस्थेत कारकून. नव्वदच्या दशकातले हॉलिवूडचे मारधाडीचे विज्ञानपट मला अजून आवडतात. परग्रहावरून आलेले शत्रू, रोबो, आकाशातून पडणारे धोंडे, सगळं. चतुर्थीला घर भरलेलं असताना मी ‘आर्मागेडन’ लावला. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा दर पाच मिनिटांनी “बाबा, हे शक्यच नाही” म्हणून सिनेमा थांबवायचा. पाहुण्यांसमोर मला ओशाळल्यासारखं झालं. ज्यांना विज्ञान कळत नाही त्यांनाच असले सिनेमे आवडतात का?

उत्तर : मुलाचं बरोबर आहे. हे आधी लिहून टाकतो, कारण हा अंक तुमच्याआधी तोच वाचेल. माझी तक्रार एवढीच, की जिथे खरं थांबवायला हवं तिथे त्याने थांबवलं नसणार.

१९९८ सालच्या या सिनेमातला, पृथ्वीवर आदळायला निघालेला लघुग्रह अमेरिकेतल्या टेक्सास राज्याएवढा आहे. टेक्सास आडवं मोजलं तर सुमारे १२०० किलोमीटर. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला सर्वांत मोठा गोळा म्हणजे सेरेस, व्यास सुमारे ९४० किलोमीटर. तो पियाझ्झी या खगोलशास्त्रज्ञाने सिसिलीतून १ जानेवारी १८०१ ला शोधला, तेव्हाच्या दुर्बिणीतून. आणि त्याहून मोठा धोंडा अठरा दिवसांवर येईपर्यंत नासाला पत्ता नाही! शेजाऱ्याची म्हैस पोफळीच्या कुळागरात शिरणार असली तरी आमच्याकडे त्याआधी कळतं.

पुढे तर त्याचे दोन तुकडे करायचे म्हणून अणुबॉम्ब पुरायला ८०० फूट भोक पाडतात. तुम्ही डिचोलीचे, खाणीवरचं ब्लास्टिंग ऐकत वाढलात, तुम्हाला मी काय सांगावं? एक असोला, म्हणजे न सोललेला नारळ घ्या, वीसेक सेंटिमीटरचा. तो नारळ म्हणजे टेक्सासएवढा धोंडा समजलात, तर ते ८०० फुटांचं भोक होतं ०.०४ मिलिमीटर. कागदाच्या जाडीच्या निम्मं. एवढ्याने नारळाचे दोन तुकडे होत असते तर नारळ फोडायला कोयता कशाला लागला असता? खुद्द त्यातला नट बेन अ‍ॅफ्लेक याने दिग्दर्शक मायकल बेला विचारलं होतं, की तेलविहिरी खणणाऱ्यांना अंतराळवीर करण्यापेक्षा अंतराळवीरांनाच खणायला शिकवणं सोपं नाही का. गप्प बस, असं उत्तर मिळालं.

हा सिनेमा मी चार वेळा पाहिलाय.

फोंड्याला हायर सेकंडरीत मी एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलं. नव्वदच्या दशकात केबल आली तेव्हा मुलं रात्री पाहिलेलं सकाळी वर्गात घेऊन यायची. एकाने विचारलं, “सर, मंगळावर हेल्मेट काढलं तर डोळे बाहेर येतात?” ‘टोटल रिकॉल’मध्ये श्वार्झनेगरचे येतात, बेडकासारखे. मी पाठ्यपुस्तक बंद केलं. मंगळावरच्या हवेचा दाब आपल्याकडच्या एक टक्क्याहून कमी. डोळे जागेवरच राहतात, पण दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. १९६६ साली ह्यूस्टनमध्ये नासाच्या निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या सूटची नळी सुटली. बेशुद्ध होण्याआधी त्याला शेवटचं आठवत होतं ते जिभेवरची लाळ उकळताना जाणवणं. तो वाचला, ठणठणीत राहिला. दाब कमी झाला की उत्कलनबिंदू खाली येतो, आणि कुकरमध्ये नेमकं उलटं घडतं. हा धडा त्या वर्गाला पुन्हा समजवावा लागला नाही. फळ्यावर दाबाचा पी आणि तापमानाचा टी लिहून एवढं कधीच जमलं नव्हतं.

हा झाला मास्तराचा फायदा. तुम्ही मजेचं विचारलंय, तर माझी मजा कशात आहे ते सांगतो. गोष्टीतलं विज्ञान खोटं असतं, पण ते पडद्यावर आणणारं विज्ञान अस्सल असतं. ‘इंडिपेंडन्स डे’ (१९९६) आठवा. परग्रहवाल्यांच्या यानाला लॅपटॉपवरून व्हायरस घालतात. इथे सरकारी कार्यालयातला प्रिंटर शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला ओळखत नाही! ते सोडून द्या. त्यातली शहराच्या रस्त्यावरून चाल करून येणारी आगीची भिंत बघा. आग आडवी कशी धावेल? ती तर वर जाते. म्हणून त्यांनी रस्त्याचं अख्खं मॉडेलच उभं केलं, कॅमेरा वरच्या टोकाला लावला आणि खालून आग पेटवली. आग आपल्या धर्माप्रमाणे वर चढली, आणि तुम्हाला-मला ती रस्त्यावरून अंगावर येताना दिसली. तसंच छोट्या मॉडेलच्या स्फोटाचं. वस्तू १६ पट लहान असेल तर तिचे तुकडे खाली पडायला चौथा हिस्सा वेळ लागतो, कारण पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. मग सेकंदाला २४ ऐवजी ९६ चित्रं टिपायची, म्हणजे पडद्यावर टीचभर प्लास्टर इमारतीच्या वजनाने कोसळतं. मुलाला हे गणित कागदावर सोडवायला सांगा, तेवढ्यात तुमचा अर्धा तास विनाव्यत्यय जाईल.

आणि एक. पेडण्याकडच्या जत्रेत तुम्ही दशावतार पाहिला असेल. राजाच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा वळ दिसत असतो, तलवार लाकडाची, जंगल म्हणजे एक बाकडं. पहाटे तीनला तोच राजा त्या बाकड्यावर बसून वनवासाचं दुःख सांगतो तेव्हा कोणी हसत नाही, कारण तो स्वतः हसत नाही. त्या काळच्या या सिनेमांत हाच इमान होता. नट धोंड्यावर ड्रिल मारतोय तर पोटच्या पोरीसाठी मारतोय. हल्ली मुद्दाम टुकार काढलेले सिनेमे येतात, जे दर मिनिटाला प्रेक्षकाला डोळा मारतात. ते मला दहा मिनिटं बघवत नाहीत. ज्याने आधीच हात वर केले त्याला हसण्यात काय गंमत?

(जाता जाता : आमच्याकडच्या एका टॉकीजमध्ये काळप्रवासाचा एक सिनेमा लागला होता. ऑपरेटरने तिसरं रीळ दुसऱ्याच्या आधी लावलं. नायक मेलेल्या माणसाशी दहा मिनिटं बोलत होता. काळप्रवासात असंच असणार, म्हणून कोणी शिटीसुद्धा मारली नाही. इंटरव्हलला मी दोन जणांना त्यातलं तत्त्वही समजावून सांगितलं.)

पुढच्या चतुर्थीला असं करा. मुलाला चुका काढू द्या, पण थांबवण्याचा हक्क नाही. चूक वहीत लिहायची आणि शेवटी प्रत्येकीचा आकडा मांडून दाखवायचा. आकड्याशिवायचं “शक्यच नाही” धरायचं नाही. जितक्या चुका सिद्ध होतील तितक्या नेवऱ्या (करंज्या) त्याला.

प्रश्न : त्या सिनेमांतलं भविष्य काही खरं ठरलं का? – एक विद्यार्थिनी, काणकोण

उत्तर : थोडंफार. ‘जॉनी नेमॉनिक’ (१९९५) घडतो २०२१ मध्ये. नायक मेंदूत ३२० जीबी माहिती भरून पळतो आणि तिच्या भाराने मरायला टेकतो. माझ्या खिशात १२८ जीबीचा फोन आहे, त्यात बहुतेक सुप्रभाताचे संदेश, मरायला मीही टेकलोय. ‘डिमॉलिशन मॅन’ (१९९३) मधल्या २०३२ सालात लोक हात न लावता हवेतच हस्तांदोलन करतात. कोरोनात आपण तेही केलं. मात्र तिथे शौचालयात कागदाऐवजी तीन शिंपल्या ठेवलेल्या असतात आणि त्या कशा वापरायच्या हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. आपल्या गोव्यात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, दिसल्या की माणूस खोबरं किसायला घेतो, एवढंच मी खात्रीने सांगू शकतो.

प्रश्न : आमचे हे दर रविवारी दुपारी तोच रोबोचा सिनेमा लावतात. संवाद मला पाठ झालेत. काय करू? – एक गृहिणी, म्हापसा

उत्तर : ताई, पुढच्या रविवारी ते जेवायला बसले की एकेक संवाद नटाच्या आधी म्हणायला लागा. दोन रविवार पुरतील. तिसऱ्या रविवारीही सिनेमा लागला, तर तुम्हालाच आवडायला लागलाय, मला पुन्हा लिहू नका.