जुन्या कंपनीच्या छत्रीवर फ्री डिशचा बॉक्स चालेल का?

चालतो. फ्री डिश म्हणजे दूरदर्शनची महिन्याचे पैसे न लागणारी छत्रीची सेवा. "कंपनी बदलली की छत्रीही बदलावी लागते" असं तुम्हाला ज्याने सांगितलं, तो एकतर छत्र्या विकत असेल, नाहीतर आमच्या जावईबापूंचा चेला असेल.

छत्री म्हणजे वळवलेला पत्रा. वरून येणाऱ्या लहरी एलएनबीच्या, म्हणजे छत्रीसमोर दांड्यावर बसवलेल्या छोट्या डबीच्या, तोंडाशी गोळा करायच्या, एवढंच तिचं काम. तिच्यावर कोणाचं नाव छापलंय ते लहरींना वाचता येत नाही. कंपनी ओळखतो तो बॉक्स आणि त्यातलं कार्ड. म्हणून एका कंपनीच्या बॉक्सवर दुसरीचे पैशाचे चॅनेल उघडत नाहीत.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. फेब्रुवारी २०१९ मध्ये टीव्ही चॅनेलचे नवीन दर आले आणि चॅनेल निवडायच्या आधीच १३० रुपये अधिक जीएसटी भरायची वेळ आली. बाबा म्हणाले, "काही न पाहता एकशे तीस? मले फक्त सह्याद्रीच्या बातम्या पाह्याच्या हायेत." फ्री डिश घ्यायचं ठरलं. जावईबापूंचं तालुक्याला रिचार्जचं दुकान. ते म्हणाले, "जुनी छत्री या बॉक्सले म्याच होत नाही." मी तोंड उघडलं तर मायने डोळे वटारले. जावयाच्या शब्दाला नाही कोण म्हणणार? नवीन छत्री, नवीन एलएनबी, फिटिंगचे वेगळे, असे दीड हजार गेले. चांगली धडधाकट छत्री उतरवून अंगणात ठेवली, आणि माय त्यात मुंगवड्या वाळवायला लागली.

पुढच्या हिवाळ्यात तुरीच्या शेंगांमागे वांदरं गावात आली. त्यातलं एक थोराड टिनावरून उडी मारून थेट नव्या छत्रीच्या दांड्यावर बसलं. दांडा पार वाकला, टीव्ही बंद. जावईबापूंना फोन लावायच्या आधी मी वड्या सुपात ओतल्या, छत्री पुसली आणि पाना घेऊन टिनावर चढलो.

मोबाईलमधल्या होकायंत्रावर १४३ च्या आसपास, म्हणजे आग्नेयेला तोंड केलं. फ्री डिशचे चॅनेल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात, तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्याकडून तो साधारण ६० अंश वर दिसतो, पण छत्री तेवढी आभाळाकडे उताणी करायची नाही. एलएनबी खालच्या बाजूला असल्यामुळे तिची नजर दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. मी हेच विसरलो होतो. तासभर खाली बाबा ओरडताहेत, "नाही आलं बे!" आणि वर मी ऊन खातोय.

इथे एक गोष्ट नीट बघा. बॉक्सच्या स्क्रीनवर दोन पट्ट्या असतात. ताकदीची पट्टी नुसता एलएनबी जोडला तरी भरते, तिच्यावर भाळू नका. क्वालिटीची पट्टी मात्र योग्य उपग्रह सापडल्याशिवाय हलत नाही. मी छत्री थोडी खाली झुकवली, बोटभर डावीकडे सरकवली आणि खालून आवाज आला, "आलं, आलं... गेलं! होतं तिथंच घे!" पट्टी शून्यावरून एकदम ६२ वर गेली. मग एलएनबी हाताने जरासा फिरवला, ७० झाले. नट हळूहळू, आलटून पालटून आवळले. एक बाजू गच्च आवळली की छत्री सरकते आणि सगळी मेहनत वाया.

जावईबापूंना कळलं तेव्हा म्हणाले, "पावसात जाईन पाय." पावसात गेलंच. पण त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या घरचंही गेलं होतं, बहिणीनेच फोनवर सांगितलं. केयू बँडला, म्हणजे या छत्र्यांवर येणाऱ्या लहरींना, जोराचा पाऊस सोसत नाही, मग छत्री जुनी असो की कालची. हे त्यांना मी तीनदा सांगितलंय.

मागच्या दिवाळीत ते आले. मॅच बघता बघता बाहेर जाऊन वर पाहून आले आणि म्हणाले, "नवीन बसवलीत वाटते, चित्र साफ हाय." मी गप्प बसलो. मायच बोलली, "नाही जावईबापू, थे वड्यायचीच हाय."

तुमच्यासाठी दोन-तीन गोष्टी राहिल्या. छत्री गंजून भोकं पडली असतील किंवा पोचे आले असतील तर नवीनच घ्या, तिथे मी जावईबापूंच्या बाजूने. जुना एलएनबी बहुतेक वेळा चालतो. नाहीच चालला तर एकटा एलएनबी बदला, तो स्वस्तात येतो. दोन टीव्ही असतील तर दोन तोंडांचा घ्या. केबल जोडताना बॉक्सचं बटण बंद ठेवा, कारण त्याच वायरीतून एलएनबीला १३ नाहीतर १८ व्होल्ट जातात आणि शॉर्ट झालं तर बॉक्स बसतो. जोडावर काळी टेप गुंडाळा, नाहीतर पाणी शिरतं.

आणि बॉक्स आणलाच आहे तर खोक्यावर एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) लिहिलंय का ते बघा. एमपीईजी-२ वाला जुना माल अजून गावोगाव खपवतात, त्यावर फ्री डिशचे काही चॅनेल दिसतच नाहीत, आणि मग शिव्या खाते ती बिचारी छत्री.