कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर १७० एमबी (मेगाबाइट) प्रति सेकंद असे छापले असूनही ४के चित्रीकरण मध्येच थांबते. कार्डाचा खरा वेग कसा तपासावा?

वेष्टनावरचा १७० हा आकडा बहुतेक वेळा वाचनाचा, म्हणजे कार्डावरून संगणकावर फाइल घेतानाचा कमाल वेग असतो. तुमचे कार्ड यूएचएस-१ प्रकारचे असेल, तर त्या जोडणीची प्रमाणित मर्यादाच सेकंदाला १०४ मेगाबाइट आहे. त्यापुढचा वेग फक्त तशी खास सोय असलेल्या कार्ड रीडरमध्ये मिळतो, कॅमेऱ्यात नाही. चित्रीकरणासाठी महत्त्वाचा असतो तो लेखनाचा सातत्याने टिकणारा किमान वेग, आणि तो व्ही३०, व्ही६० किंवा व्ही९० या खुणेतून कळतो: सेकंदाला अनुक्रमे किमान ३०, ६० आणि ९० मेगाबाइट.

कॅमेऱ्याच्या मेनूत वेग मेगाबिटमध्ये दिलेला असतो, म्हणून त्याला आठाने भागावे. १०० मेगाबिटच्या ४के चित्रीकरणाला १२.५ मेगाबाइट लागतात, म्हणजे अस्सल व्ही३० कार्डाला ते सहज झेपायला हवे. ४०० मेगाबिटच्या पर्यायाला मात्र ५० मेगाबाइट लागतात आणि तिथे व्ही६०ला पर्याय नाही. साध्या फुल एचडीची गरज तर इतकी कमी असते की त्यासाठी महागडे कार्ड घेणे मला उधळपट्टी वाटते.

तपासणीपूर्वी कार्डावरचे सर्व काही दुसरीकडे उतरवून घ्या. मी प्रथम विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू चालवतो (लिनक्स किंवा मॅकवर एफ३). हे प्रोग्राम संपूर्ण कार्ड भरतात आणि लिहिलेले सर्व परत वाचून पडताळतात, त्यामुळे क्षमता फुगवून विकलेले बनावट कार्ड येथेच उघडे पडते. रीडर यूएसबी ३चा असावा, कारण यूएसबी २च्या रीडरमध्ये चांगले कार्डही मंद भासते. क्रिस्टलडिस्कमार्कसारखी चाचणी मूळ मांडणीत फक्त एक जीबीची असते आणि तेवढ्यात कार्ड आपला सर्वांत चांगला चेहरा दाखवते. त्याऐवजी संगणकाच्या एसएसडीवरून तीसचाळीस जीबीची एकच फाइल कार्डावर उतरवा आणि वेगाचा आलेख पाहत राहा. सुरुवातीची उसळी बऱ्याचदा संगणकाच्या स्वतःच्या मेमरीमुळे येते, म्हणून ती सोडून द्यावी. नंतर आलेख वारंवार तुमच्या गरजेच्या खाली जात असेल, तर सरासरी कितीही चांगली दिसली तरी दोष कार्डात असण्याची शक्यता मोठी आहे.

अखेरचा निर्णय मात्र कॅमेऱ्यातच करावा. कार्ड कॅमेऱ्यातच फॉर्मॅट करून सर्वांत वरचा बिटरेट (मेगाबिटमधला चित्रीकरणाचा वेग) निवडा आणि हलती पाने किंवा रहदारी यांवर कॅमेरा रोखून कार्ड भरेपर्यंत चित्रीकरण करा, कारण अनेक कॅमेरे स्थिर दृश्यात कमी माहिती लिहितात आणि समोर कोरी भिंत असेल तर चाचणी फसवी ठरते. १२८ जीबी कार्डाला १०० मेगाबिटवर सुमारे पावणेतीन तास लागतील. चित्रीकरण दर वेळी नेमके २९ मिनिटे ५९ सेकंदांनी थांबत असेल, तर ती कॅमेऱ्याची ठरवून दिलेली मर्यादा आहे; कॅमेरा तापल्याची सूचना येत असेल, तरी कार्ड बदलून उपयोग नाही. पण वेळ दर वेळी वेगळी असेल आणि दुसऱ्या कार्डावर तेच चित्रीकरण सुरळीत होत असेल, तर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी बिलासह कार्ड बदलून घ्या.