आनंदीबाईंचं कॉलेज गेलं कुठे?

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त फिलाडेल्फियात असते. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. आम्ही कल्याणचे, त्यामुळे डॉ. आनंदीबाई जोशी आम्हाला घरच्याच वाटतात. त्यांचं विमेन्स मेडिकल कॉलेज बघायचंच, असं मी लेकीला बजावलं. ती म्हणते, "आई, त्या नावाचं इथे काही नाहीच. ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीने कधीच गिळलं ते." मग आनंदीबाईंची पदवी आता कोणाची समजायची? आणि आम्ही तिथे जाऊन बघायचं काय?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : ताई, लेकीचं खरं आहे, पण ते गिळणं एका घासात झालेलं नाही. कॉलेज 1850 सालचं. आनंदीबाई तिथून 11 मार्च 1886 ला डॉक्टर झाल्या. ड्रेक्सेल निघालं 1891 मध्ये, म्हणजे आनंदीबाईंना जाऊन चार वर्षं झाल्यावर. पुढे 1970 मध्ये कॉलेजात मुलगे घ्यायला सुरुवात झाली आणि नावातलं 'विमेन्स' गळालं. (ड्रेक्सेलच्या पाटीवर 'युनिव्हर्सिटी' चढलं तेही त्याच वर्षी, हा आपला योगायोग.) 1990 नंतर पिट्सबर्गच्या एका मोठ्या रुग्णालय-समूहाने हे कॉलेज आणि त्याच शहरातलं हानेमान मेडिकल कॉलेज यांची मोट बांधली. हानेमान म्हणजे आपले होमिओपॅथीवालेच. ते कॉलेज मुळात होमिओपॅथीचं. 1998 मध्ये त्या समूहाने दिवाळं काढलं. पोरकं झालेलं हे जोड-कॉलेज ड्रेक्सेलने आधी नुसतं चालवायला घेतलं, आणि 2002 मध्ये रीतसर आपलं केलं.

पदवीचं म्हणाल तर ज्या संस्थेने दिली तिचीच. माझे वडील पुण्यात शिकून बी.ए. झाले, पण सर्टिफिकेट मुंबई विद्यापीठाचं, कारण पुणे विद्यापीठ आलं 1949 मध्ये. त्यांना कोणी 'पुण्याचे की मुंबईचे' विचारलं की ते म्हणायचे, "परीक्षा पास झालेला." आनंदीबाईंची पदवीही विमेन्स मेडिकल कॉलेजचीच राहणार. ड्रेक्सेलकडे आलंय ते दप्तर.

आणि दप्तर म्हटलं की मी जरा हळवी होते. विद्यापीठाच्या रेकॉर्ड विभागात सत्तावीस वर्षं काढली. एकदा एक छोटं कॉलेज शेजारच्या मोठ्या संस्थेत विलीन झालं, तेव्हा चार्ज घेणाऱ्यांत मी होते. बाकं, पंखे, प्रयोगशाळेतले तराजू, अगदी घंटासुद्धा यादीत होती. जनरल रजिस्टर मात्र कुठेच नाही. शेवटी शिपायाने जिन्याखालून गव्हाचं पोतं ओढून काढलं. आत सुतळीने बांधलेली सहा रजिस्टरं. 1961 चं उघडलं तर कसरीने उजवी कड खाल्लेली. मुलांची नावं शाबूत, जन्मतारखेचा रकानाच गेलेला! पुढे किती तरी वर्षं पेन्शनीला आलेली माणसं त्या एका रकान्यासाठी माझ्या टेबलापाशी यायची आणि मी त्यांना प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगायचे. इमारत कोणाला गेली, पाटी कोणाची लागली, यावर तेव्हा मोर्चे निघाले होते. पोत्याबद्दल कोणी 'ब्र' काढला नाही.

म्हणून फिलाडेल्फियाचं मला कौतुक आहे. एवढी उलथापालथ होऊनही विमेन्स मेडिकल कॉलेजचे कागद टिकले. ड्रेक्सेलच्या वैद्यकीय कॉलेजचं 'लेगसी सेंटर' नावाचं संग्रहालय-दप्तर आहे, तिथे ते जपलेत. प्रवेश मिळावा म्हणून आनंदीबाईंनी 1883 मध्ये लिहिलेलं पत्र आहे. आपल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, असं अठराव्या वर्षी त्या मुलीने त्यात लिहिलंय. 1885 चा तो प्रसिद्ध फोटोही तिथलाच : साडीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली, तिघी आपापल्या देशी पोशाखात. आणि हो, डॉ. गुरुबाई करमरकरांचीही चौकशी करा. 1892 मध्ये त्याच कॉलेजातून डॉक्टर झाल्या, पण आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही.

थेट जाऊन दारात उभ्या राहू नका. लेकीला आधी ई-मेल करून वेळ ठरवायला सांगा, काय बघायचंय तेही कळवायला सांगा. शोधताना आडनावाचं स्पेलिंग आपण लिहितो तसं घातलंत तर बरंच हाती लागणार नाही. आनंदीबाई इंग्रजीत 'जोशी'च्या शेवटी दोन 'ई' लावत. मी स्वतः त्यापायी एक अख्खी दुपार घालवली आहे.

जुन्या इमारतीच्या मागे फार लागू नका. त्यांच्या वेळी कॉलेज नॉर्थ कॉलेज अव्हेन्यूवर होतं, नंतर ते ईस्ट फॉल्स भागात हललं. तो वेळ वाचवून एक दिवस न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीसाठी ठेवा. आनंदीबाईंना आईच्या मायेने सांभाळणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंनी त्यांच्या अस्थी तिथल्या आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. दगड साधाच आहे. नाव शोधताना तिथेही तेच लक्षात ठेवा, शेवटी दोन 'ई'.