नाउरूची फिरणारी गोष्ट आणि तिचा राहिलेला अर्धा भाग

आपण विचारले आहे की नाउरू नावाचा देश खडक विकून श्रीमंत झाला, लोकांनी सगळा पैसा चैनीत उडवला आणि आता तो कफल्लक झाला आहे, ही सगळीकडे फिरणारी गोष्ट खरी आहे का. आणि खरी असेल तर असा देश आज चालतो तरी कसा. गोष्ट अर्धी खरी आहे. माझी सगळी नोकरी सुपर फॉस्फेट या खताच्या एका कारखान्यातील प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे या देशाची ओळख मला प्रथम त्याच्या खडकातून झाली. म्हणून उत्तराची सुरुवातही तिथूनच करतो.

नाउरू हे प्रशांत महासागरातील एकुलते एक बेट आहे. क्षेत्रफळ 21 चौरस किलोमीटर, लोकसंख्या सुमारे बारा हजार. विषुववृत्त तिथून जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर उत्तरेला आहे आणि सर्वांत जवळचे बेट, म्हणजे किरिबाटी या देशाचे बनाबा, सुमारे 300 किलोमीटर पूर्वेला. किनाऱ्याने जाणाऱ्या 19 किलोमीटरच्या रस्त्याने देशाला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. बेटावर नदी नाही, बुआडा नावाचे एक लहानसे तळे आहे आणि पिण्याचे पाणी एक तर पावसाचे साठवलेले असते किंवा समुद्राचे खारेपण काढून मिळवलेले. अधिकृत राजधानी ठरवलेलीच नाही; संसद आणि सरकारी कचेऱ्या यारेन या जिल्ह्यात आहेत. माड वाढतात, घरे बांधता येतात, अशी जमीन म्हणजे मुख्यतः किनाऱ्यालगतची अरुंद पट्टी. मधला उंच भाग, ज्याला तिथे टॉपसाइड म्हणतात, बेटाच्या सुमारे चार पंचमांश आहे, आणि सगळी कथा त्या भागाची आहे.

या भागात चुनखडकाचे उभे सुळके आहेत आणि त्यांच्या फटींमध्ये फॉस्फेट भरलेले होते. आम्ही प्रयोगशाळेत खडकाची पूड आली की आधी तिच्यातील स्फुरदाचे प्रमाण काढत असू, आणि तिशीच्या थोडा वर आकडा आला तरी माल चांगला म्हणून शेरा मारत असू. नाउरूच्या खडकात हे प्रमाण 38 टक्क्यांच्या आसपास असे. असा माल फटींतून खरवडून काढला की मागे नुसते सुळके उरतात. गरे काढून घेतल्यावर फणसाचे साल उरावे तसे. त्या सुळक्यांवर शेती होत नाही, घर बांधता येत नाही, धड चालताही येत नाही.

हा खडक सापडला तो योगायोगाने. सिडनीतील एका व्यापारी कंपनीच्या कचेरीत नाउरूहून आणलेला एक दगड दार अडवण्यासाठी ठेवलेला होता आणि तो दगड झालेले लाकूड आहे, असा सर्वांचा समज होता. 1899 मध्ये अल्बर्ट एलिस यांनी तो तपासला तेव्हा ते उच्च प्रतीचे फॉस्फेट निघाले. बेट तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांनी मिळून ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स ही यंत्रणा उभी केली आणि पुढची अनेक दशके तिथला खडक बाजारभावापेक्षा स्वस्तात आपल्या शेतकऱ्यांना पुरवला. फिरणाऱ्या गोष्टीत नेमका हा भाग गाळलेला असतो. स्वातंत्र्य मिळण्याआधीच सुमारे एक तृतीयांश भाग खणून झालेला होता आणि त्या बदल्यात नाउरूवासीयांना मिळालेला मोबदला किरकोळ होता.

आता लोकांविषयी. हा मायक्रोनेशियन वंशाचा समाज बारा कुळांचा मानला जातो. ध्वजावरच्या ताऱ्याची बारा टोके त्यांचीच, आणि मूल आईच्या कुळाचे मानले जाते. भाषा नाउरुअन, इंग्रजी सर्वत्र चालते, धर्म बहुतांशी ख्रिस्ती. यापेक्षा त्यांचा अंगाम नावाचा सण मला अधिक बोलका वाटतो. समाज म्हणून टिकायचे तर निदान 1500 माणसे हवीत, असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठरवले गेले होते. 1932 मध्ये तो आकडा गाठला गेला आणि 26 ऑक्टोबर हा सणाचा दिवस झाला. दुसऱ्या महायुद्धात जपानने बेट घेतले आणि सुमारे 1200 नाउरूवासीयांना ट्रुक बेटांवर मजुरीला नेले. 31 जानेवारी 1946 रोजी त्यांपैकी 737 जण परत आले. 1500 चा आकडा पुन्हा गाठायला 1949 उजाडले. पुढे 1968 मध्ये स्वातंत्र्याचा दिवस म्हणून 31 जानेवारीच निवडला गेला. मधल्या काळात ऑस्ट्रेलियाने या सर्वांना क्वीन्सलंडच्या किनाऱ्यालगतच्या कर्टिस बेटावर नेऊन वसवण्याचा प्रस्ताव मांडला होता, परंतु तिथे सार्वभौमत्व मिळणार नव्हते, म्हणून त्यांनी तो नाकारला. ज्यांना आपण उधळे म्हणून हसतो, त्यांचा हा निर्णय लक्षात ठेवण्यासारखा आहे.

उरलेले दोन तृतीयांश खोदकाम मात्र स्वतंत्र नाउरूच्या सरकारने केले, हेही तितकेच खरे. 1970 मध्ये खाणी देशाच्या मालकीच्या झाल्या, खताचे भाव कडाडले आणि दरडोई उत्पन्नात नाउरू जगातील अग्रगण्य देशांत गणला जाऊ लागला. आयकर नव्हता, दवाखाना आणि शाळा फुकट होत्या. खडक संपेल हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून विश्वस्त निधीही उभारला होता. चूक निधी न करण्यात झाली नाही, तर तो कसा गुंतवला यात झाली. मेलबर्नमध्ये 1977 साली 52 मजली नाउरू हाउस उभे राहिले (हा खडक पक्ष्यांच्या विष्ठेपासून बनला असे मानले जाई, म्हणून तिथल्या लोकांनी त्याला पक्ष्यांच्या विष्ठेचा मनोरा असे नाव ठेवले होते), स्वतःची विमान कंपनी तोट्यात उडत राहिली, लंडनमधील एका सपशेल पडलेल्या संगीत नाटकातही पैसे घातले गेले. कर्जे वाढली, 2004 मध्ये ती इमारत विकावी लागली. देशाची बँक बुडाली आणि 2015 मध्ये एका ऑस्ट्रेलियन बँकेची शाखा उघडेपर्यंत सगळा व्यवहार रोखीने चालला. खोदलेल्या जमिनीबद्दल ऑस्ट्रेलियावर आंतरराष्ट्रीय न्यायालयात 1989 मध्ये दाखल केलेल्या दाव्यातून मात्र 1993 च्या तडजोडीत 10 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले.

राज्यकारभाराची रचना साधी आहे. एकच सभागृह, मुदत तीन वर्षे, आणि राष्ट्राध्यक्षाची निवड संसद करते. पहिले राष्ट्राध्यक्ष हॅमर डिरोबर्ट होते आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ते पद डेव्हिड अडियांग यांच्याकडे आले. पक्ष जवळजवळ नाहीतच, त्यामुळे दोन-तीन जणांनी बाजू बदलली की सरकार पडते. सभागृहात पूर्वी 18 सदस्य होते. 2010 मध्ये दोन्ही गट 9-9 असे अडकले, एप्रिलमध्ये निवडणूक घेतली तर तेच अठरा जण निवडून आले, आणि जूनमध्ये पुन्हा घेतली तरी तिढा नोव्हेंबरपर्यंत सुटला नाही. पुढच्या, 2013 च्या निवडणुकीपासून सदस्यसंख्या 19 केली आहे, म्हणजे बरोबरीच होऊ नये. मतदान सक्तीचे आहे आणि मोजणी जगावेगळी. मतदार सर्व उमेदवारांना क्रम देतो. पहिल्या पसंतीला एक गुण, दुसरीला अर्धा, तिसरीला एक तृतीयांश, याप्रमाणे. म्हणजे एखाद्याला कोणीच पहिली पसंती दिली नाही, पण दोनशे जणांनी दुसरी दिली, तर त्याची बेरीज शंभर पहिल्या पसंतींइतकी होते. जिथे निम्मे उमेदवार नात्यातले असतात तिथे ही पद्धत फार समंजस आहे, असे माझे मत आहे.

आता आपला मुख्य प्रश्न: आज पोट कशावर चालते? माझ्या मते खडक आटल्यावर नाउरू आपले देशपण भाड्याने देऊ लागला. आधी परदेशी बँकांना परवाने वाटले आणि काळ्या पैशाचे केंद्र म्हणून नाव बदनाम झाले. मान्यता तैवानला द्यायची की चीनला, या प्रश्नावर 2002, 2005 आणि 2024 अशी तीनदा बाजू बदलली. 2001 पासून, मध्ये काही वर्षांचा खंड सोडला तर, ऑस्ट्रेलियाकडे बोटीने येणाऱ्या आश्रयार्थींना ठेवून घेण्याचे काम पत्करले. सरकारी उत्पन्नाचा मोठा वाटा त्यातून येतो आणि मानवाधिकार संघटनांची सर्वाधिक टीकाही त्यावरच होते. स्वच्छ म्हणावे असे उत्पन्न मासेमारीचे. बेट लहान असले तरी भोवतालचे सुमारे तीन लाख चौरस किलोमीटरचे सागरी क्षेत्र त्याचे आहे, आणि शेजारी देशांशी मिळून परदेशी बोटींना ट्यूना पकडण्याचे दिवस मोजून विकले जातात. 2015 मध्ये नवा निधीही सुरू झाला, ज्याच्या कारभारात या वेळी मदत देणारे देशही भागीदार आहेत.

सर्वांत अलीकडची विक्री नागरिकत्वाची आहे. 2025 पासून ठरलेली रक्कम भरणाऱ्या परदेशी माणसाला नाउरूचा पासपोर्ट मिळू शकतो; सुरुवातीला ही रक्कम 1,05,000 अमेरिकी डॉलरपासून पुढे होती. समुद्राची पातळी वाढत असल्याने किनाऱ्याच्या पट्टीवरील बहुतेक वस्ती हलवावी लागणार आहे, आणि हा पैसा त्यासाठी हवा आहे. वस्ती हलवायची ती टॉपसाइडवर, आणि तिथे पहिले घर बांधण्याआधी ते सुळके फोडून जमीन सपाट करावी लागेल.