पावसाळा संपेपर्यंत कार्ड पाकिटातच राहू दे

मुलुंडच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३३, आयटीत नोकरी, हातात महिना १,१०,००० रुपये. घरकर्जाचा हप्ता ४६,०००, घरखर्च ३४,०००, एसआयपी १५,०००. घरात ६१ वर्षांची आई, सर्वस्वी त्यांच्यावर अवलंबून. बँकेत १,४०,००० ची एफडी, एवढीच अडीनडीची ठेव. विमा आहे तो फक्त कंपनीचा. दिवाळीला साधारण ९०,००० बोनस मिळतो. कंपनीच्या कामासाठी दीड वर्ष फ्लोरिडात होते, तिथे स्लॅलम वॉटर स्कीइंगची, म्हणजे बोटीमागे दोरीला धरून एकाच स्कीवर बोयांभोवती वळणं घेण्याची, गोडी लागली. परतताना वापरलेली एक स्की घेऊन आले, बाइंडिंगशिवाय (म्हणजे पाय अडकवायच्या बुटांशिवाय). आता लोणावळ्यापलीकडच्या एका जलाशयावर ओळखीचा बोटवाला आहे, त्याने सहा बोयांचा (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांचा) कोर्स टाकलाय. ऑक्टोबर ते मे, महिन्यातून दोनदा जातात, दर खेपेला दोन सेट (एक सेट म्हणजे बोटीमागे कोर्सच्या काही फेऱ्या). आजवर दुसऱ्याच्या स्कीवर आणि मागून घेतलेल्या सामानावर भागवलं. आता एका आयातदाराचं कोटेशन हातात आहे: दोन्ही पायांचे हार्डशेल (कडक कवचाचे) बूट ५५,०००, ग्लोव्हजच्या दोन जोड्या ११,०००, अंगभर वेटसूट २५,०००, आखूड वेटसूट १२,०००. एकूण १,०३,०००. 'नो कॉस्ट ईएमआयवर घेऊ, एफडी मोडू, की जुना ईएलएसएस (कर वाचवणारा, तीन वर्षं विकता न येणारा म्युच्युअल फंड) विकू?' असा त्यांचा प्रश्न.

आधी कबुली देतो. पाण्यावर मी आयुष्यात एकदाच उभा राहिलो, तेही दोन पाट्यांवर, आणि जेमतेम दहा सेकंद. तेव्हा तंत्रात मी तुमच्यापेक्षा अडाणी आहे. पण तुमचं कोटेशन वाचताना एक गोष्ट खटकली. पैसे कुठून आणायचे याचे तीन पर्याय तुम्ही दिलेत, आणि काय घ्यायचं याचा एकच.

त्याआधी बोटीचा हिशोब करू, कारण पत्रात तो तुम्ही शेवटच्या ओळीत उरकलाय. एका सेटचे २,५०० रुपये, खेपेला दोन सेट, पेट्रोल-टोल-नाश्ता १,८००. म्हणजे खेपेला ६,८००, महिन्याला १३,६००, आणि आठ महिन्यांच्या हंगामात १,०८,८००. ज्या सामानासाठी तुम्ही रात्री जागून कोटेशनं जुळवताय, त्याहून जास्त पैसा दर वर्षी बोटीच्या मागे पाण्यात जातो. कोर्स २५९ मीटरचा. तुम्ही ताशी ५२ किलोमीटरने जाता असं लिहिलंय, म्हणजे एक फेरी अठरा सेकंदांत संपते. सहा फेऱ्यांचा सेट धरला तर अडीच हजारांत पावणेदोन मिनिटांचं स्लॅलम. मी नावं ठेवत नाही. आमच्याकडे लोक याहून कमी आनंदासाठी क्लबची मेंबरशिप घेतात. पण खर्च कोणता आणि किरकोळ कोणतं, हे एकदा नीट दिसलं पाहिजे.

आता तुमच्या पगारातून हप्ता, घर आणि एसआयपी वजा केल्यावर १५,००० उरतात. हंगामात त्यातले १३,६०० बोट खाते. उरले १,४००. यात ईएमआय कुठे बसवणार? बारा महिन्यांत १,०३,००० फेडायचे तर नुसतं मुद्दलच महिन्याला साडेआठ हजारांच्या वर जातं. तो हप्ता शेवटी एसआयपीतून जाईल, किंवा कार्डावर बाकी राहील. कार्डाच्या थकबाकीवर महिना साडेतीन टक्के व्याज अगदी सर्रास लागतं. वर्षाचे ते बेचाळीस टक्के झाले.

आणि 'नो कॉस्ट' या शब्दावर फार विश्वास ठेवू नका. बँक व्याज लावतेच. दुकानदार तेवढी रक्कम किमतीतून सूट म्हणून कापतो आणि हिशोब जुळल्यासारखा दिसतो. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्या माथी, वर प्रोसेसिंग फी. आयातदाराला सरळ विचारा, 'आज रोख दिले तर काय भाव?' भाव खाली आला, तर ईएमआयवाल्याला मिळत नाही ती सूट म्हणजेच तुमचं व्याज.

एफडीबद्दल फार बोलायला नको. घरखर्च आणि हप्ता मिळून महिना ८०,००० लागतात. १,४०,००० म्हणजे दोन महिनेसुद्धा नाहीत. त्यातले लाखभर काढलेत तर पंधरा दिवसांची सोय उरते. पगाराचे बेचाळीस टक्के घराच्या हप्त्यात जाणाऱ्या माणसाने नोकरीतल्या पंधरा दिवसांच्या खंडावर संसार ठेवू नये. ईएलएसएस विकायला कायद्याची आडकाठी नाही. तीन वर्षं झालीत, आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर करही नाही. पण ते पैसे तुम्ही आईच्या उतारवयासाठी ठेवलेत, असं तुम्हीच चार ओळी आधी लिहिलंय.

मग घ्यायचं काय? इथे थोडं थांबतो, कारण पैसा वाचणार आहे तो इथेच.

बाइंडिंगवर कंजुषी नको. १९२२ मध्ये मिनेसोटातल्या लेक पेपिनवर रॅल्फ सॅम्युअलसन लाकडी फळ्यांवर पहिल्यांदा पाण्यावरून ओढला गेला, तेव्हा पाय अडकवायला नुसत्या चामड्याच्या पट्ट्या होत्या. आता बूट आले, पण काम तेच आणि तितकंच अवघड: वळताना पाय जराही हलू द्यायचा नाही, आणि पडल्यावर मात्र सोडून द्यायचा. दोन्ही पायांना बूट असले की एक धोका वाढतो. पडताना एक पाय सुटला आणि दुसरा अडकून राहिला, तर अख्खी स्की त्या एका पायाला पिळते. म्हणून हार्डशेलवाले दोन्ही बूट एका पट्टीवर बसवून ती पट्टीच एकदम सुटेल अशी योजना करतात, आणि ती किती जोरावर सुटावी हे ज्याचं त्यानं बसवून, तपासून घ्यावं लागतं. फ्लोरिडात हे दाखवायला शेजारी अनुभवी माणूस होता. जलाशयावर कोण आहे? बोटवाला बोट चालवेल.

तुम्ही फ्लोरिडात शिकलात ते पुढे मऊ बूट आणि मागे नुसती टो प्लेट (पायाचा पुढचा भाग सरकवायचा पट्टा), या जोडीवर. ५२ च्या वेगाला, लांब दोरीवर, सहापैकी चार बोया घेणाऱ्याला तीच जोडी पुरेशी आहे असं मला तुमच्या पत्रावरूनच वाटतं. मागचा पाय सहज निघतो, आणि पाण्यातून सुरुवात करताना तो बाहेर ठेवून नंतर आत सरकवता येतो. त्याच आयातदाराच्या यादीत ही जोडी ३०,००० ला आहे. खेळ सुधारून दोरी आखूड करायची वेळ आली की दुहेरी बुटांचा विचार करा, आणि तेव्हाही आधी कुणाकडून तरी शिकून. हे २५,००० वाचतात म्हणून सांगत नाहीये. जोखीम वाढवायला जास्तीचे पैसे मोजणं माझ्या गुंतवणूक-सल्ल्याच्या धंद्यात रोज दिसतं, फक्त तिथे त्याला स्मॉल कॅप (छोट्या कंपन्यांचे शेअर) म्हणतात.

बूट घेताना मापावर विश्वास ठेवू नका, घालून बघा. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. मोज्याशिवाय घाला. टाच उचलली जाता कामा नये, बोटं दुमडता कामा नयेत. कोरडा पाय रबरात शिरत नसेल तर भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी लावतात. आणि बदलून देणार का, किती दिवसांत, हे बिलावर लिहून घ्या. आयात मालाच्या दुकानात हा प्रश्न विचारला की माणसं एकदम मोघम बोलायला लागतात.

ग्लोव्हज ही झिजून संपायची वस्तू आहे, दागिना नव्हे. तळवा झिजणार, शिवण उसवणार. दोन जोड्या एकदम घेण्यात हशील नाही, एक घ्या, ५,५०० ची. जाड गादीवाले घेऊ नका, जिममधले तर नकोच. तळवा जाड असला की हँडल बोटांत पुरतं बसत नाही, जास्त जोराने धरावं लागतं, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला कोपराखालचा हात भरून येतो. पातळ आणि कोरडे असताना जरा घट्टच वाटतील असे घ्या, कारण ओले झाल्यावर सैल पडतात. सैल ग्लोव्हला चुण्या पडतात आणि चुणीखाली फोड येतो. खेळून आल्यावर गोड्या पाण्यात धुवून सावलीत वाळवलेत तर हंगाम निघेल.

आणि वेटसूट. दोन-दोन! फ्लोरिडात थंडीच्या सकाळी तुम्ही तो घालत होता, त्याची सवय आहे, कळतं मला. पण वेटसूट काम करतो कसा? निओप्रीन (वेटसूटचं रबरी कापड) आणि अंग यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, तो अंगाच्या उष्णतेने गरम होतो आणि गार पाण्यात ऊब टिकते. इथे गार पाणी आहे कुठे? मुंबईचा समुद्र जानेवारीतसुद्धा चोविसेक अंशांच्या आसपास असतो. जलाशयावर डिसेंबरच्या पहाटे वारा बोचतो हे खरं, पण त्यासाठी २५,००० चा अंगभर सूट म्हणजे अंगणातल्या शेकोटीसाठी गॅसची लाइन घेण्यासारखं. मार्चनंतर तर त्यात तुमची उकड होईल. शिवाय मुलुंडच्या वन बीएचकेत ओलं निओप्रीन वाळत घालायचं कुठे? बाल्कनीत आधीच तीन दिवसांचे कपडे असतात. बुरशीचा वास कपाटभर पसरला की आई काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही.

त्याऐवजी निओप्रीनची हाफ पँट आणि एक रॅश गार्ड (अंगाला घट्ट बसणारा पाण्यातला शर्ट), दोन्ही मिळून ७,००० च्या आत. पँट मात्र खरंच घ्या. पन्नासच्या वेगाने पाण्यावर आपटलं की पाणी जोराने शरीराच्या आत शिरू शकतं आणि आतली इजा गंभीर असते, साध्या सुती पँटने ते थांबत नाही. आणि वेटसूट थोडा तरंगवतो म्हणून कुणी लाइफ जॅकेट काढून ठेवतं, तसं करू नका. जॅकेटचे पैसे मी यादीत धरलेले नाहीत कारण बोटवाला चांगली देतो असं तुम्ही लिहिलंय. पुढच्या खेपेला तिचे बंद आणि शिवण स्वतः ओढून बघा.

झाले किती? ३०,००० अधिक ५,५०० अधिक ७,०००. बेचाळीस हजार पाचशे.

आता ते आणायचे कुठून. तुमचं पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यातलं आहे आणि त्यातच उत्तर आहे. बोट बंद! जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर: चार महिने तुमचे १३,६०० कुठेच जात नाहीत. उरणारे १५,००० पूर्ण उरतात. चार महिन्यांचे ६०,०००. आपल्याकडे चातुर्मासात लोक कांदा-लसूण सोडतात, तुम्ही फक्त शॉपिंगचं ॲप सोडा. पगार झाल्या दिवशी १५,००० वेगळ्या बचत खात्यात टाका, आणि दसऱ्याला रोख भावाने सामान घ्या. व्याज द्यायचं नाही, थोडं मिळेल उलट. तोवर स्की माळ्यावर राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. फ्लोरिडाहून कुणी ओळखीचं येणार असेल तर बूट त्यांच्याकडून मागवायलाही हरकत नाही, पण सामानाच्या करमुक्त मर्यादेवर किंमत गेली तर विमानतळावर जाहीर करून कर भरायचा, आणि माप चुकलं तर परत पाठवायचं कुणी, हेही आधीच ठरवा.

साठातले सतरा हजार पाचशे शिल्लक राहतील. ते विम्याला. हा भाग तुम्ही विचारलेला नाही, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

आरोग्यविम्यात साहसी खेळांचा एक ठरावीक अपवाद असतो. त्याची शब्दरचना नीट वाचा: व्यावसायिक म्हणून खेळताना झालेली इजा वगळलेली असते. तुम्ही हौशी आहात, त्यामुळे त्या कलमाने तुमचा दावा अडू नये. पण वैयक्तिक अपघात विम्याच्या पॉलिसीत अपवाद याहून रुंद असू शकतात, तिथे हौशी खेळही वगळलेला असेल. म्हणून घेण्याआधी 'वॉटर स्कीइंग' हा शब्द लिहून विचारा आणि लेखी उत्तर घ्या. घोटा मोडला तर प्लास्टरचे काही आठवडे घरून काम होईलही, पण ऑफिसने बोलावलं तर मुलुंड स्टेशनचा पूल तुम्ही कुबड्यांवर कसा चढणार? अशा वेळी दर आठवड्याला ठरावीक रक्कम देणारी पॉलिसी उपयोगी पडते.

कंपनीचा आयुर्विमा नोकरीबरोबर जातो. आई तुमच्यावर अवलंबून आहे आणि डोक्यावर घरकर्ज आहे, तेव्हा स्वतःचा टर्म प्लॅन याच पावसाळ्यात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका झालाय. अर्जात छंदांचा रकाना असेल, तिथे स्कीइंग लिहा. हप्ता थोडा वाढला तरी लिहा. पहिल्या तीन वर्षांत लपवाछपवी निघाली तर विमा कंपनी पॉलिसीवर बोट ठेवू शकते, आणि ते भांडण तेव्हा तुमच्या आईला भांडावं लागेल.

बोनसचे ९०,००० पूर्ण एफडीत. एसआयपी १५,००० वरून तात्पुरती ८,००० करा आणि सुटलेले ७,००० त्याच ठेवीत टाका. वर्षभरात ठेव सव्वातीन लाखांच्या जवळ जाईल, म्हणजे जवळजवळ चार महिने. एसआयपी कमी करा म्हणणारा सल्लागार विरळा, माझ्या ओळखीतले काही जण हे वाचून नाक मुरडतील. पण तुम्ही ताशी ५२ ने वळणं घेता, आणि तुमच्यामागे एफडीत दोन महिनेसुद्धा नाहीत. माझ्या लेखी आधी ती ठेव.

दसऱ्याला जाल तेव्हा नवं कोटेशन मागवा, हे जुनं धरू नका. बुटांबरोबरचे स्क्रू तुमच्या स्कीच्या भोकांत बसतात का, ते स्की बरोबर नेऊन तिथेच बघा.