मूठभर माणसे बलाढ्य कंपनीला प्राण्यांवरील चाचण्या थांबवायला लावू शकतात का?

आपला प्रश्न असा आहे की, कायद्याचे पाठबळ नाही, पैसा नाही, माणसेही मूठभरच आहेत, अशा स्थितीत एखाद्या मोठ्या कंपनीला किंवा संस्थेला प्राण्यांवरील प्रयोग थांबवायला लावणे खरोखर शक्य असते, की फलक घेऊन उभे राहणे केवळ स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी असते. मी प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे. म्हणजे अशा मोहिमा ज्यांच्याविरुद्ध चालतात, त्यांच्या बाजूला मी बरीच वर्षे बसलेलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की ते शक्य असते, पण समोरच्याला ‘हो’ म्हणता येईल अशी मागणी शोधण्याचे कष्ट मोहीम चालवणाऱ्यांनी घेतले असतील तरच. याचा मला ठाऊक असलेला सर्वांत चांगला नमुना म्हणजे न्यूयॉर्कमधील हेन्री स्पायरा यांचे काम.

स्पायरा यांचा जन्म १९२७ साली बेल्जियममधील अँटवर्प येथे झाला. अमेरिकेत आल्यावर त्यांनी मालवाहू जहाजांवर खलाशाची नोकरी केली, खलाशांच्या संघटनेतील गैरकारभाराविरुद्ध ते लढले, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीत उतरले आणि पुढे शाळेत शिक्षक झाले. १९७४ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांचा प्राण्यांविषयीच्या नीतिविचारावरील वर्ग त्यांनी केला, तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. त्या वर्गातील काही जणांना घेऊन त्यांनी कामाला सुरुवात केली. कचेरी, पदाधिकारी, शिक्का यांच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. राहत्या घरातूनच सारे चालत असे.

पहिले लक्ष्य त्यांनी फार विचारपूर्वक निवडले. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संग्रहालयात मांजरांच्या मेंदूचे भाग काढून, काहींची दृष्टी किंवा श्रवणशक्ती नष्ट करून, त्यानंतर त्यांच्या लैंगिक वर्तनात काय फरक पडतो हे अनेक वर्षांपासून तपासले जात होते. याहून क्रूर प्रयोग त्या काळी अन्यत्रही चालू असतील. पण ही संस्था शहराच्या मध्यावर होती, तेथे मुलाबाळांची रीघ लागत असे, तिला लोकांच्या सदिच्छेची गरज होती आणि हे प्रयोग सरकारी पैशाने चालत होते. आपल्याकडील माहितीच्या अधिकारासारख्या तेथील कायद्याचा आधार घेऊन स्पायरा यांनी प्रयोगांची कागदपत्रे मिळवली. आरोपपत्र लिहिण्याची गरजच उरली नाही, कारण संशोधकांचेच शब्द पुरेसे होते. १९७६ च्या उन्हाळ्यापासून सुट्टीच्या दिवशी ते आणि त्यांचे सहकारी संग्रहालयाच्या दाराशी उभे राहू लागले. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले एड कॉच त्या वेळी अमेरिकी संसदेचे सदस्य होते. त्यांनी प्रयोगशाळेत जाऊन चौकशी केली आणि जे ऐकले ते संसदेच्या कामकाजात नोंदवले. १९७७ च्या अखेरीस ते प्रयोग बंद पडले.

त्यानंतरची रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीविरुद्धची मोहीम मला अधिक शिकवून गेली. सौंदर्यप्रसाधन डोळ्यात गेल्यास काय होईल हे पाहण्यासाठी ‘ड्रेझ चाचणी’ वापरली जात असे. जॉन ड्रेझ यांनी १९४४ साली ती प्रसिद्ध केली होती. पांढऱ्या सशाची मान बाहेर राहील अशा खोड्यात त्याला अडकवतात, खालची पापणी ओढून तिच्या खोलगट जागेत पदार्थ सोडतात, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवतात, आणि मग एक दिवसाने, दोन दिवसांनी, तीन दिवसांनी लाली, सूज व बुबुळावरील धुरकटपणा पाहून गुण देतात. जर्नलमध्ये आपण निरीक्षणे लिहितो त्याच कोरड्या भाषेत हे गुण लिहिले जातात. सशाला पंजाने डोळा चोळता येऊ नये, एवढ्यासाठीच तो खोडा असतो.

स्पायरा यांनी रेव्हलॉनकडे चाचण्या उद्यापासून बंद करा असे मागितले नाही. एकूण उलाढालीच्या एका टक्क्याचाही शंभरावा भाग, म्हणजे सुमारे १,७०,००० डॉलर, पर्यायी पद्धतींच्या संशोधनासाठी द्यावा, एवढीच त्यांची मागणी होती. मागणी इतकी किरकोळ होती की ती नाकारणाऱ्याला कारण सांगणे अवघड जावे. पत्रव्यवहार झाला, भेटीगाठी झाल्या, कंपनीने सभ्यपणे चहापाणी करून वेळ काढला. मग १५ एप्रिल १९८० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पूर्ण पानाची जाहिरात आली, आणि सौंदर्यासाठी रेव्हलॉन किती ससे आंधळे करते, असा थेट प्रश्न वाचकांसमोर आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने रॉकफेलर विद्यापीठाला पर्यायांच्या शोधासाठी तीन वर्षांत ७,५०,००० डॉलर देण्याचे जाहीर केले, म्हणजे मागितले होते त्याच्या चौपटीहून अधिक.

यानंतर स्पायरा यांनी जे केले ते मला विशेष वाटते. ‘झुकवले’ असा डंका न पिटता त्यांनी रेव्हलॉनचे जाहीर कौतुक केले आणि तीच मागणी घेऊन ते एव्हन या दुसऱ्या प्रसाधन कंपनीकडे गेले. जाहिरात कोणावर उलटू शकते हे एव्हनने पाहिले होतेच, शिवाय मान राखून बदलता येते हेही पाहिले होते. १९८१ मध्ये प्रसाधन उद्योगाच्या पैशातून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राणिचाचण्यांच्या पर्यायांचे केंद्र उभे राहिले, आणि १९८९ मध्ये एव्हन व रेव्हलॉन या दोघांनीही प्राण्यांवरील चाचण्या थांबवल्या.

मधली नऊ वर्षे ससे खोड्यात होतेच, आणि चळवळीतील अनेकांनी स्पायरा यांना तडजोडवादी ठरवले ते याच कारणाने. हा आक्षेप पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. त्यांची रीत सगळीकडे लागू पडली असेही नाही. कोंबड्यांचा व्यवसाय करणारे फ्रँक पर्ड्यू यांच्याविरुद्ध त्यांनी तशाच जाहिराती दिल्या. पर्ड्यू बधले नाहीत. प्रसाधनांच्या कंपनीला ससा न वापरताही धंदा करता येतो. कोंबडी विकणाऱ्याला कोंबडीवाचून कसा करता येणार?

आता टेबलाच्या माझ्या बाजूची गोष्ट सांगतो. आमच्या महाविद्यालयात बेडकांचे विच्छेदन प्रात्यक्षिकाचा भाग होते. भिजलेल्या पोत्यातून बेडूक येत, मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून बसवले जात आणि दुपारपर्यंत सगळ्या मजल्यावर फॉर्मॅलिनचा वास पसरे. एका वर्षी रात्रीतून कोणीतरी प्रयोगशाळेच्या दारावर ‘कत्तलखाना’ असा कागद चिकटवला. मी विभागप्रमुख होतो. मला राग आला, आणि कबूल करायला हवे की त्या रागामुळे मी पुढची दोन वर्षे या विषयावर कोणाशी बोललोच नाही. नंतर द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी एक पान घेऊन आली. अभ्यासक्रमातील कोणत्या प्रात्यक्षिकाला तक्ता, प्रतिकृती किंवा संगणकावरील चित्रण चालेल, गुणांची फोड कशी करता येईल आणि बाह्य परीक्षकाला काय दाखवता येईल, हे तिने त्यावर मांडले होते. तिची मागणी एवढीच होती की ज्याचे मन तयार नाही त्याला पर्याय असावा. ते पान मी जवळजवळ जसेच्या तसे अभ्यास मंडळाच्या बैठकीत ठेवले, कारण मला त्यात काही भर घालावी लागलीच नाही.

पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन कमी करत नेण्याचे धोरण आणले, आणि २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना भारतात बंदी झाली. तोवर आमच्या ट्रेंची नावे डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे सामानाच्या नोंदवहीतच, उरली होती.

आपल्या मनात एखादी कंपनी वा संस्था असेल, तर फलक रंगवण्याआधी तिच्यात या विषयावर सही कोण करतो ते शोधा, आणि सही केल्यानंतर त्याला आपल्या वरिष्ठांना काय सांगावे लागेल ते त्याच्यासाठी लिहून न्या. वर्षभराने उत्तर आले नाही, तर फलकाला रंग आहेच.